मालवणात मित्राच्या घरी चार दिवस : काय खावं, यजमानांना काय सांगावं, काय घेऊन यावं?

पाणंद

नाताळच्या सुट्टीत मालवणजवळच्या एका गावात मित्राकडे चार दिवस मुक्काम आहे. आम्ही सहा जण. त्यात दोन मुलं (वय ५ आणि ९), एक आजी पूर्ण शाकाहारी, बाकीचे सगळं खाणारे. हॉटेलांची यादी नको आहे, ती ढिगानं मिळते. घरचं मालवणी जेवण नीट खायचंय, पण मित्राच्या आई आणि बायको चारही दिवस चुलीपुढे अडकायला नकोत. मासे कसे आणि किती घ्यावेत, काय आधी सांगावं, आजींसाठी काय सांगावं, मुलांना काय झेपेल? जाणकारांनी सविस्तर लिहावं. कृती दिल्यात तर परत आल्यावरही उपयोगी पडतील.

खाडीकाठ

सगळ्यात आधी वार बघा. सिंधुदुर्गातल्या बऱ्याच घरांत सोमवारी मासे शिजत नाहीत, काही घरांत गुरुवार किंवा शनिवारही पाळतात. शिवाय डिसेंबरात मार्गशीर्ष चालू असेल तर गुरुवारचं महालक्ष्मीचं व्रत असतं. संकष्टी वेगळीच. मित्राला फोन करून एवढंच विचारा, "तुमच्याकडे शिवराक कधी असतं?" शाकाहारी जेवणाला तिकडे शिवराक म्हणतात. ते दिवस आजींच्या आवडीचे ठेवा, म्हणजे त्या दिवशी कोणालाच वेगळा स्वयंपाक नको.

दुसरं, मेनू देऊन ठेवू नका. "आम्हाला सुरमई आणि तिसऱ्या (खाण्याच्या शिंपल्या) खायच्यात" असं आधी सांगितलं की यजमान त्या दिवशी मिळेल त्या भावानं ती सुरमई आणतात. सुट्टीच्या गर्दीत तर भाव चढलेलेच असतात. बाजारात त्या दिवशी जे ताजं दिसेल ते घ्यायचं, ही तिकडची रीत आहे आणि तीच बरोबर आहे. ताजा बांगडा हा बर्फातल्या सुरमईपेक्षा केव्हाही सरस.

मोसमाचं म्हणाल तर डिसेंबर मासळीला चांगला. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, त्या काळात खाडीतलं, नदीतलं आणि सुकं यावरच भागवावं लागतं. हापूस, ओले काजूगर, फणस यांची आशा मात्र ठेवू नका, ते सगळं मार्च ते मे.

चुलीपाशी

"भार पडायला नको" याबद्दल. मालवणी स्वयंपाकात शिजवायला वेळ लागतच नाही. माशाची कढी उकळायला लागल्यापासून दहा मिनिटांत उतरते. वेळ खातात त्या तीन गोष्टी : नारळ खवणं, वाटप (खोबऱ्याचं वाटण) वाटणं आणि मासे साफ करणं. आठ-दहा माणसांच्या एका जेवणाला दोन-तीन नारळ सहज लागतात. तेव्हा "काही मदत करू का?" असं विचारत बसू नका, सरळ खवणीवर बसा. मऊ पांढरं खोबरंच खवायचं, करवंटीला लागलेली तपकिरी पाठ खरवडून आली की वाटप काळपट होतं आणि सोलकढीचा रंग जातो. नारळ फिरवत काठापासून आत या. मध्यापासून सुरुवात केली की शेवटी काठ हातात नीट धरता येत नाही आणि बोटं कापतात.

मासे बाजारातच साफ करून घ्या. थोडे पैसे घेऊन कापून देणाऱ्या बायका असतात. तुकड्या किती जाड हव्यात ते आधी सांगा : तळायला अर्धा इंच, कढीला पाऊण इंच. डोकं आणि शेपटी टाकू देऊ नका, कढीला चव त्यांचीच.

खर्चाचं : यजमानाच्या हातात पैसे द्यायला गेलात तर ते रागावतील. सकाळी मित्राबरोबर बाजारात जा आणि मासळीचे पैसे तुम्ही द्या. यात अवघडल्यासारखं होत नाही.

त्रिफळ

मासे ओळखायचं थोडं खोलात लिहितो, कारण इथेच पाहुणे फसतात.

नुसता लाल कल्ला बघून घेऊ नका, कल्ल्याला रंग लावणारे महाभाग सगळ्या बाजारांत असतात. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, आत गेलेला आणि दुधाळ नको. अंगठ्यानं पाठीवर दाबा, खड्डा लगेच भरून आला पाहिजे. बांगडा हातात आडवा धरला तर ताठ राहतो, शिळा लोंबतो. त्याचं पोट फाटलेलं असेल तर घेऊच नका. पापलेटाच्या कल्ल्याजवळ दाबल्यावर पांढरट पाणी आलं तर ताजं, लालसर आलं तर शिळं. खेकडा जिवंत आणि आकाराच्या मानानं जड हवा. तिसऱ्या बंद हव्यात. एखादी उघडी असेल तर टिचकी मारा, मिटली तर जिवंत, नाही मिटली तर टाका. शिजल्यावर याच्या उलट, जी उघडली नाही ती टाका.

बांगडा, सुरमई, कुपा हे मासे उन्हात पडून राहिले की त्यांच्यात हिस्टामीन तयार होतं आणि ते शिजवून किंवा तळून जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं. लोक त्याला माशाची अ‍ॅलर्जी समजतात. म्हणून सकाळी मासे घेऊन गाडीच्या डिकीत ठेवायचे आणि किल्ला बघायला जायचं, असं चुकूनही करू नका. आधी घरी पोचवा, मग फिरा.

प्रमाण : सहा तुम्ही आणि घरचे चार धरले तर तळायला आणि कढीला मिळून अडीच ते तीन किलो अख्खी मासळी पुरते, कारण साफ करताना बरंच वजन जातं. तिसऱ्या वजनावर मोजू नका, त्यात बहुतेक शिंपलाच. त्या वाट्यावर, म्हणजे ढीग लावून, मिळतात. घरी आणल्यावर मिठाच्या पाण्यात तास-दीड तास ठेवा, म्हणजे वाळू सोडतात. हे टाळलंत तर अख्खी भाजी कचकचते आणि मग काही इलाज नाही.

पाणंद

वा, हेच हवं होतं. आता कोंबडीवडे आणि सोलकढी. वडे घरी केले की कडक होतात किंवा तेल पितात, नेमकं कुठे चुकतं?

बिडाचा तवा

चूक बहुतेक वेळा पिठातच असते. ४ वाट्या जाडा तांदूळ धुवून सावलीत कापडावर पूर्ण वाळवायचा. १ वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी चणाडाळ, १ मोठा चमचा धणे, प्रत्येकी १ छोटा चमचा मेथी आणि बडीशेप. हे सगळं मिळून रवाळ दळून आणायचं. गिरणीवाल्याला "वड्याचं पीठ" एवढं सांगितलं की तिकडे त्याला कळतं, शहरात मात्र उभं राहून सांगावं लागतं. बारीक मैद्यासारखं दळलं की वडे चामट झालेच म्हणून समजा.

भिजवताना कडकडीत पाणी, मीठ, चिमूटभर हळद. पीठ घट्टच, पुरीच्या कणकेपेक्षा किंचित सैल. झाकून किमान तीन-चार तास, शक्य असेल तर रात्रभर. या वेळात रवाळ दाणे पाणी पितात आणि उडीद जरा आंबतो. तासाभरात थापायला घेतलंत तर कडा चिरतात, त्या चिरांतून तेल आत जातं. तेल पिण्याचं दुसरं कारण थंड तेल. पिठाची गोळी टाका, लगेच वर आली तरच वडा सोडा.

मोठ्या लिंबाएवढा गोळा तेल लावलेल्या केळीच्या पानावर थापायचा, मध्ये आणि कडेला सारखाच जाड. कडा पातळ झाली की ती कडक होते आणि मधलं कच्चं राहतं. तेलात सोडल्यावर झाऱ्यानं वरून तेल उडवत हलकं दाबायचं, फुगला की एकदाच उलटायचा.

सावंतवाडीकर

मध्ये भोक पाडायचं राहिलं!

बिडाचा तवा

भोकावरून घराघरांत वाद आहेत. भोकाचा वडा टम्म फुगत नाही, पण आतपर्यंत नीट तळला जातो. बिनभोकाचा फुगतो, रस्सा पोटात घेतो. कोंबडीबरोबर मला बिनभोकाचाच योग्य वाटतो.

चुलीपाशी

कोंबडीचं मी लिहिते. गावठी कोंबडी असेल तर उघड्या टोपात तास-सव्वा तास धरा, ब्रॉयलरला पाऊण तासाच्या आतच होतं. हे आधी विचारून घ्या, कारण दोन वाजता जेवायचं असेल तर गावठी बाराच्या आत चुलीवर चढली पाहिजे.

एक किलोला : दोन मोठे कांदे उभे चिरून आणि एक वाटी किसलेलं सुकं खोबरं, दोन्ही वेगवेगळं भाजायचं. एकत्र भाजलं तर कांदा होईपर्यंत खोबरं करपतं, आणि करपलेल्या खोबऱ्याचा कडूपणा गूळ घालूनही जात नाही. खोबरं खरपूस तपकिरी झालं की लगेच ताटात काढा, गरम कढईत ते पुढे भाजत राहतं. वाटप गंधासारखं बारीक हवं. भरड राहिलं तर पाणी वर आणि चोथा खाली. कोंबडी आलं-लसूण, हळद, मीठ लावून अर्धा तास ठेवायची, कांद्यावर परतायची, तीन-चार चमचे मालवणी मसाला, गरम पाणी, आणि वाटप शेवटच्या पंधरा मिनिटांत. थंड पाणी ओतू नका, मांस आक्रसतं.

मसाल्याचं माप अंदाजानंच, कारण प्रत्येक घरचा वेगळा. बेडगी रंगाला आणि लवंगी किंवा संकेश्वरी तिखटपणाला, त्यांचं प्रमाण ज्यानं त्यानं ठरवलेलं. शिवाय धणे, बडीशेप, खसखस, दगडफूल, नागकेशर, मसाला वेलची, जायफळ, हळकुंड वगैरे. यजमानांकडून मसाला मिळाला तर त्यात किती चमचे पुरतात हे त्यांनाच विचारून डब्यावर लिहून ठेवा.

त्रिफळ

सोलकढी. सहा जणांना एक मध्यम नारळ, १०–१२ आमसुलं, ३ पाकळ्या लसूण, १ लहान हिरवी मिरची, मीठ. आमसुलं वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास, मग कोळून गाळायची. नारळ, लसूण, मिरची वाटून कपभर पाण्यात पहिलं दूध काढायचं, पुन्हा कपभर पाण्यात दुसरं. आमसुलांचं पाणी थोडं थोडं घालत रंग आणि आंबटपणा बघायचा.

बिघडते ती अशी. गरम केली की फुटते, तापवायचीच नाही. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) वापरलंत तर त्यात आधीच भरपूर मीठ असतं, आगळ घालून चव बघितल्याशिवाय मिठाला हात लावू नका. आमसुलं जुनी असली तर रंग गुलाबी न येता मातकट येतो. फ्रिजमध्ये दोन-तीन तास ठेवली की नारळाची चरबी गोठून वर कण तरंगतात. ते नासलेलं नसतं पण तोंडात मेणचट लागतं. म्हणून जेवायच्या आधी अर्धा तास करायची आणि उरवायची नाही, उन्हाळ्यात तर संध्याकाळपर्यंत आंबते. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात मुळीच नको. आजींसाठी लसूण चालत नसेल तर वगळून जिरं घाला.

घावनप्रेमी

सोलकढीला जिरं? लसणाशिवाय सोलकढी म्हणजे नुसतं गुलाबी पाणी. असो, आजींसाठी माफ.

न्याहारीला घावनं सांगा, त्यात कोणालाच कष्ट नाहीत. २ वाट्या तांदळाचं पीठ, साडेतीन ते चार वाट्या पाणी, मीठ. पीठ ताकाइतकं पातळ. आंबवायचं नाही, आंबवलं आणि उडीद-मेथी घातली की ती आंबोळी झाली. बिडाचा तवा चांगला तापवा, अर्धा कांदा तेलात बुडवून पुसून घ्या आणि वाटीनं कडेपासून मध्यापर्यंत पीठ ओता. टाकताक्षणी चर्र झालं आणि जाळी पडली तरच तवा तापलेला. पळीनं पसरायला जाऊ नका, जाळी मोडते. झाकण, मिनिट-दीड मिनिट, कडा सुटल्या की काढा. दुसरी बाजू भाजायची गरज नाही.

पीठ तळाशी बसतं, दर वेळी ढवळा. नाही ढवळलं तर पहिली चार पाण्यासारखी आणि शेवटची चार जाड. पोळ्यांचा तवा घावनांना वापरलात तर चिकटणारच.

मुलांना घावनाबरोबर नारळाचा रस द्या : नारळाचं दूध, किसलेला गूळ, वेलची, चिमूट मीठ. याच रसात शिरवाळे घातले की रस-शिरवाळे. पण ते चार माणसांचं काम आहे. तांदळाच्या उकडीचे गोळे पुन्हा उकळून गरम असतानाच लाकडी साच्यातून दाबायचे असतात, गार झाले की दांडा हलत नाही. घरी साचा असेल आणि तुम्ही दाबायला उभे राहणार असाल तरच विषय काढा.

सावंतवाडीकर

शाकाहारी आजींसाठी लिहितो, या धाग्यात त्यांच्याकडे दुर्लक्ष होतंय.

काळ्या वाटाण्याचं सांबारं हे कोंबडीच्या तोडीचं आहे, वड्यांबरोबर तर विचारूच नका. वाटाणे रात्रभर, दहा-बारा तास भिजलेच पाहिजेत. सकाळी आठवण झाली तर त्या दिवशी बेत रद्द. जुने वाटाणे कितीही शिट्ट्या दिल्या तरी दातांखाली टणक राहतात, हे आधी मूठभर शिजवून तपासता येतं. वाटप कोंबडीचंच, भाजलेला कांदा-खोबरं. मूठभर शिजलेले वाटाणे वाटपात वाटले की रस्सा मिळून येतो.

मासे तळतात त्या दिवशी आजींना सुरणाची कापं. अर्धा सेंटीमीटर जाड कापं, आगळ आणि मीठ लावून वीस मिनिटं, मग तिखट, हळद, वरून तांदळाचं पीठ आणि रवा. मंद आचेवर झाकून एक बाजू, उघडी ठेवून दुसरी. सुरण घशात खवखवतो तो त्यातल्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. आगळ किंवा चिंच लावणं आणि पुरतं शिजवणं, दोन्ही केलं तरच तो त्रास जातो. एक पथ्य मात्र कटाक्षानं पाळायला सांगा : आजींची कापं आधी, मासे नंतर. त्याच तेलात उलट क्रम झाला की आजी काही न बोलता उपाशी उठतील.

खाडीकाठ

मुलांचं. पाच वर्षांच्याला सुरमईची मधली तुकडी, काटा मध्ये एकच आणि दिसतो. कर्ली आणि तारली कितीही चवदार असली तरी मुलांच्या ताटात नको, बारीक काटे असतात. घशात काटा अडकला तर भाताचे सुके घास गिळायला लावू नका, काटा आणखी खोल रुततो. पाणी प्यायला द्या, खुपणं थांबलं नाही तर डॉक्टर. तळताना मुलांच्या चार तुकड्या नुसत्या मीठ-हळद-आगळात ठेवा, तिखट न लावता. कोलंबी, तिसऱ्या, खेकडा पहिल्यांदाच खाणार असतील तर एका वेळी एकच आणि अगदी थोडं, तेही दुपारी. रात्री अंगावर पित्त उठलं तर खेड्यातून दवाखाना गाठणं जड जातं.

रापणकर

तिरफळाबद्दल (माशांच्या रश्शात घालतात ते वाळलेलं, वासाचं फळ) कोणीच बोललं नाही, 'त्रिफळ' यांचं सदस्यनाम तेच असूनही! बांगड्याच्या तिखल्यात (घट्ट तिखट रश्शात) तिरफळा वाटूची नायत, नुसती चेचूची. आतली काळी बी काढून टाकायची, ती कडू. अर्ध्या किलो बांगड्याला सात-आठ पुरेत, ती शेवटच्या पाच मिनिटांत घालून झाकण ठेवायचं. आधी घातली की वास उडून जातो. पाहुण्यांना सांगून ठेवा की ती चावायची नसतात, जिभेला मुंग्या येतात. तेलकट माशांनाच ती शोभतात, पापलेटाच्या कढीत घालून पापलेट वाया घालवू नये.

किनाऱ्यावर पहाटे रापण (किनाऱ्यावरून दोरीनं ओढायचं मोठं जाळं) ओढताना दिसली तर बघायला जरूर थांबा. दोरीच्या आत उभं राहू नका आणि फोटोसाठी जाळ्यात पाय घालू नका. त्यात सहसा पेडवे, तारली, बांगडे येतात. विकत मिळाले तर त्याहून ताजं काही नाही.

पाणंद

तिरफळाची नोंद घेतली. शेवटचा प्रश्न, परत येताना काय आणावं? रेल्वेनं येणार आहोत, डब्यात वास सुटून शेजारचे उठायला नकोत.

चुलीपाशी

आमसुलं, आगळ, वड्याचं पीठ, कुळथाची पिठी, काजू. आमसुलं घेताना ओलसर, मऊ आणि गडद जांभळी बघा. वर मिठाची पांढरी पूड जाड दिसली तर वजन मिठाचंच. गावात जत्रा असेल तर खाजं, गूळ-आल्याचं. ते हवाबंद डब्यातच, दमट हवेत चिकट होतं. डिसेंबरात जत्रा बऱ्याच गावांत असतात आणि रात्री दशावतार, मित्राला तारीख विचारा.

रापणकर

सुके बांगडे, सोडे, सुकट आणायचे तर घेतानाच मोडून बघा. कटकन मोडले पाहिजेत, वाकले तर आत ओल आहे आणि आठवड्यात बुरशी धरणार. निघायच्या आदल्या दिवशी एक ऊन द्या, पूर्ण गार होऊ द्या (गरम भरले की आत वाफ धरते), मग वर्तमानपत्रात गुंडाळून दोन प्लास्टिक पिशव्या आणि त्यावर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. डबा कपड्यांच्या बॅगेत ठेवू नका. घरी आल्यावर फ्रीझरमध्ये टाका आणि लागतील तेवढेच काढा.

सावंतवाडीकर

आणि आगळाची बाटली उभी ठेवा. आडवी ठेवलीत आणि झाकण सैल असलं तर कपड्यांवरचे डाग निघत नाहीत. तोंडाला प्लास्टिकचा तुकडा लावून वर झाकण फिरवायचं.